केशरोपणानंतर : जखमेचे दिवस आणि केसांचे महिने

केशरोपण करून घेतलेला मनुष्य सहाव्या-सातव्या आठवड्यात आरशासमोर उभा राहतो, तेव्हा बहुधा त्याची निराशाच होते. मोठा खर्च करून आणि सहा-आठ तास शस्त्रक्रियेच्या मेजावर पडून राहून जे केस त्याने डोक्याच्या पुढील भागावर बसवून घेतले, ते गळून गेलेले असतात. क्वचित पूर्वीचे उरलेसुरले केसही विरळ झालेले दिसतात. शस्त्रक्रिया फसली, असा निष्कर्ष तो काढतो. वास्तविक या वेळी त्वचेखाली सर्व काही यथास्थित चाललेले असण्याचाच संभव अधिक असतो. याउलट, चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्याच्या मागील बाजूचे दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, तर तोच मनुष्य ‘शस्त्रक्रिया म्हटली की एवढे चालायचेच’ असे म्हणून ते अंगावर काढतो. आणि काळजी करण्याजोगी गोष्ट नेमकी तीच असते.

भीती नको तेथे वाटावी आणि हवी तेथे वाटू नये, असे होण्याचे कारण साधे आहे. केशरोपणानंतर शरीरात दोन निरनिराळी कामे एकाच वेळी चालू होतात. जखम भरून काढणे हे त्वचेचे काम. ते बहुतांशी दहा-पंधरा दिवसांत उरकते. नवा केस वाढविणे हे केशपुटकाचे काम. त्याला वर्ष लागते, कधी त्याहूनही अधिक. रुग्ण पहिल्या कामाच्या मोजपट्टीने दुसरे काम मोजू पाहतो आणि फसतो. ही दोन कामे वेगळी ओळखता यावीत, यासाठी जे रोवले जाते ते नेमके काय असते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

कलम कशाचे?

डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो एक धागा असून तो कापताना दुखत नाही, याचे कारण हेच. जिवंत असते ते त्वचेत चार-पाच मिलिमीटर खोल गेलेले, नळीसारखे केशपुटक. त्याच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असतो आणि त्या भागाच्या पोटात रक्तवाहिन्यांनी युक्त असा एक लहानसा उंचवटा असतो. केस घडविण्याचे सारे कार्य येथे चालते. पुटकाच्या कडेला एक तैलग्रंथी आणि थंडीने किंवा भीतीने केस उभा करणारा एक बारीकसा स्नायू असतो. माणसाच्या डोक्यावर ही पुटके सुटी सुटी नसून एक ते चार केसांच्या झुबक्यांनी असतात. हेडिंग्टन या शास्त्रज्ञाने १९८४ साली सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या झुबक्यांचे वर्णन केले. आजचा शल्यविशारद जे कलम लावतो ते अशा एका नैसर्गिक झुबक्याचे असते. तात्पर्य, रोवला जातो तो केस नव्हे, केस घडविणारे यंत्र रोवले जाते. त्याबरोबर आलेला केसाचा तुकडा हा जुन्या मालाचा उरलेला नमुना समजावा.

हे यंत्र डोक्याच्या मागील आणि बाजूच्या भागातून घेतात. पुरुषांचे टक्कल पडते ते टेस्टोस्टेरोनपासून बनणाऱ्या एका संप्रेरकाच्या प्रभावाने आणि आनुवंशिक प्रवृत्तीमुळे. कपाळावरची व टाळूवरची पुटके या संप्रेरकाला बळी पडून आकसत जातात. मानेकडील पुटके त्याला दाद देत नाहीत. पुटकाची जागा बदलली तर त्याचा स्वभाव बदलतो काय, हा प्रश्न न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइच यांनी प्रयोगाने सोडविला. १९५२ साली त्यांनी पुरुषी टकलावर पहिले रोपण केले आणि १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. केसाळ त्वचेचे तुकडे टकलावर लावले तर तेथे केस वाढत राहिले. टकलावरचे तुकडे केसाळ भागात लावले तर ते टक्कलच राहिले. पुटक आपला स्वभाव बरोबर घेऊन जाते, हे यावरून ठरले. त्यांच्याही आधी, १९३९ साली, जपानमधील शोजी ओकुदा यांनी भाजल्यामुळे केस गेलेल्या जागी अशी कलमे लावून यश मिळविले होते. परंतु त्यांचे लेख जपानी भाषेत होते, त्यातच महायुद्ध सुरू झाले, आणि ते कार्य पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ अज्ञात राहिले.

ओरेन्ट्राइच यांच्या काळातील कलमे सुमारे चार मिलिमीटर व्यासाची असत. एकेका कलमात डझनभर किंवा अधिक केस येत आणि डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे, ही त्यांची उणीव सर्वांना ठाऊक झाली. परंतु दुसरी एक उणीव जखमेच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. कलम फार मोठे झाले तर त्याच्या कडेचे केस तेवढे जगत आणि मध्यभागी टक्कल राही; केसांचे जणू कडेच तयार होई. असे का व्हावे, याचे उत्तर पहिल्या तीन दिवसांत कलमाचे पोषण कसे होते, यात दडलेले आहे.

पहिले दहा दिवस

जागेवरून काढलेल्या कलमाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या छिद्रात बसविल्यावर तो लगेच जोडला जात नाही. प्रारंभी छिद्राच्या भिंतींतून पाझरणाऱ्या रक्तद्रवातून जेवढा प्राणवायू आणि जेवढे अन्न शोषून घेता येईल, तेवढ्यावरच कलम तग धरते. रक्तद्रव फार दूर पोचत नाही. म्हणूनच जुन्या मोठ्या कलमांचा गाभा उपाशी मरे आणि कड जगे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भोवतालच्या ऊतकांतील केशवाहिन्या कलमात शिरू लागतात. (या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना केसाचेच नाव पडले आहे, मराठीत आणि लॅटिनमध्येही, येथे ते नाव दुहेरी अर्थाने सार्थ होते.) आठवडा उलटेपर्यंत कलमाला स्वतःचा रक्तपुरवठा मिळालेला असतो.

तोवर कलमाला जागच्या जागी धरून ठेवते ती केवळ गोठलेल्या रक्तातील फायब्रिनच्या तंतूंची खळ. ती किती पक्की असते? अमेरिकेतील बर्नस्टीन आणि रॅसमन या शल्यविशारदांनी २००६ साली या प्रश्नावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दोन दिवसांत नुसता केस ओढला तरी कलम बाहेर येते. चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत ते हमखास निघते. सहाव्या दिवसापासून केस ओढल्याने कलम निघत नाही. आणि नवव्या दिवसानंतर खपली ओढूनही त्याला धोका राहत नाही, असे त्यांना आढळले. रुग्णाला दिल्या जाणाऱ्या बहुतेक सूचनांचे मूळ या चार वाक्यांत आहे. पहिले पाच दिवस हात लावावयाचा नाही, पुढचे चार दिवस जपून राहावयाचे आणि दहाव्या दिवसानंतर निर्धास्त व्हावयाचे, असा त्याचा व्यवहारी अर्थ.

भाताची लावणी पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आवणातून उपटून चिखलात खोचलेले रोप पहिले काही दिवस नुसते उभे असते. ते पिवळे पडते, मान टाकते. त्या वेळी कोणी खाचरातून चालत गेले तर रोपे तरंगू लागतात. एकदा मुळांनी माती धरली की तेच रोप वाऱ्यापावसाला दाद देत नाही.

पहिल्या रात्री मागील भागातून थोडा रक्तमिश्रित स्राव होतो आणि उशीवर डाग पडतात. त्यासाठी उशीवर स्वच्छ जुना टॉवेल अंथरावा. झोपताना डोके व पाठ उशांच्या आधाराने अर्धवट उंच ठेवावी. कुशीवर वळून कलमे उशीला घासू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावून ठेवणे सोईचे असते. पहिल्या चार-पाच रात्री हे पथ्य पाळावे लागते आणि झोप मोडते ती दुखण्यापेक्षा या अवघडलेपणानेच. दुखणे बहुधा सौम्य असते व ते पुढच्या भागात नसून मागच्या, म्हणजे जेथून कलमे घेतली त्या भागात जाणवते. त्वचेची पट्टी कापून टाके घातले असतील तर ताण अधिक बसतो. एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक पोकळ सुईसारख्या हत्याराने एकेक कलम वेगळे काढले असेल तर उन्हाने भाजल्यासारखी चुरचुर होते. पॅरासिटामॉलसारखे साधे वेदनाशामक बहुधा पुरते. ॲस्पिरिन मात्र मनाने घेऊ नये, कारण त्याने रक्त पातळ राहते. आणि हृदयविकारासाठी जो ते नित्य घेत असेल त्याने ते मनाने थांबवूही नये. हा निर्णय शस्त्रक्रियेपूर्वीच वैद्याशी बोलून घ्यावयाचा असतो. कोठे रक्त वाहू लागले तर स्वच्छ गॉज कलमांवर न घासता दहा मिनिटे एकसारखे दाबून धरावे. बहुधा ते थांबते.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसांच्या दरम्यान कपाळ सुजते, आणि ही सूज नवख्या माणसाला फार घाबरवते. शस्त्रक्रियेच्या वेळी त्वचा बधिर करण्यासाठी व रक्तस्राव रोखण्यासाठी बराच द्रव त्वचेखाली टोचलेला असतो. तो गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो : प्रथम कपाळात, मग भुवयांत, मग पापण्यांत. एखाद्याचे डोळे सकाळी उघडेनासे होतात. जखम चिघळल्याचे हे लक्षण नव्हे. केवळ पाणी उतारावरून वाहत असते. कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवावी, कलमांवर कदापि ठेवू नये. सूज सहा-सात दिवसांत आपोआप ओसरते. काहींना पहिले दोन-तीन दिवस उचकी लागते. तिचे कारण नीट उलगडलेले नाही, पण ती थांबते; चिवट असेल तर तीवर औषध आहे.

डोके धुण्याच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका होतात. एकजण भीतीने आठ दिवस डोक्याला पाणी लावीत नाही. दुसरा तिसऱ्याच दिवशी नेहमीप्रमाणे खसखसून नहातो. प्रत्येक कलमाभोवती वाळलेल्या रक्ताची आणि रसाची लहानशी खपली धरते. ती कोरडी व टणक होऊ दिली तर खाज वाढते, नख लागण्याचा मोह होतो आणि तिच्याखाली जंतूंना आसरा मिळतो. म्हणून पहिल्या एक ते तीन दिवसांनंतर, शल्यविशारदाने सांगितल्या दिवसापासून, सौम्य शांपूचा फेस तळव्याने नुसता टेकवून तांब्याने कोमट पाणी अलगद ओतावे. नळाची धार किंवा तुषारस्नानाचा जोर थेट कलमांवर घेऊ नये. टॉवेलने पुसू नये. पाणी निथळू द्यावे. आठव्या-दहाव्या दिवसापासून भिजून मऊ झालेल्या खपल्या बोटांच्या अग्रांनी, नखे न लावता, हलक्या हाताने गोल फिरवून सोडवाव्यात. दोन आठवड्यांच्या अखेरीस डोके स्वच्छ झालेले असावे. कलमे जपण्याच्या भरात महिनाभर खपल्या तशाच वागविणे, हेदेखील वाईटच.

खपलीबरोबर एखादा आखूड केस निघतो आणि त्याच्या टोकाला पांढुरका गोळा दिसतो. मूळच उपटले, असे वाटून रुग्णाचा जीव खाली-वर होतो. तो गोळा बहुधा केसाभोवतालच्या आवरणाचा असतो, पुटकाचा नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे : पहिल्या दिवसांत कलम खरोखरच निसटले तर त्या जागी रक्त येते, रक्त आले नसेल तर पुटक आपल्या जागी आहे असे समजावे.

उरलेली पथ्ये थोडक्यात सांगता येतील. दोन आठवडे व्यायाम, ओझी उचलणे आणि वाकून करावयाची कामे टाळावीत. पट्टी पद्धतीत टाके दहा ते चौदा दिवसांनी काढल्यानंतरही मानेवर ताण देणारा व्यायाम आणखी काही आठवडे करू नये, नाही तर व्रण रुंदावतो. पोहणे व कडक ऊन महिनाभर वर्ज्य. डोक्याला तेल रगडून मालिश करण्याची सवय अनेकांना असते. तीही महिनाभर दूर ठेवावी. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ज्या केशवाहिन्यांची कलमे वाट पाहत असतात त्यांचाच मार्ग अडतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या पूर्वी व नंतर काही आठवडे विडी-सिगारेट बंद ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे पथ्य होय. हेल्मेटचा प्रश्न आपल्याकडे हटकून निघतो. घट्ट हेल्मेट काढता-घालताना कलमे घासली जातात, हे खरे. परंतु म्हणून हेल्मेटवाचून दुचाकी चालविणे हा उपाय नव्हे. ते दोन-तीन आठवडे बसने जावे.

येथे एका अवैद्यकीय गोष्टीचाही उल्लेख करण्याजोगा आहे. आजच्या प्रचलित पद्धतीत बहुधा सारे डोके भादरले जाते. आपल्या देशात मुंडन केलेला पुरुष कचेरीत आला की लोक दबक्या आवाजात विचारपूस करू लागतात. घरात काही अशुभ घडले काय, अशी शंका त्यांना येते. शस्त्रक्रिया गुप्त ठेवू इच्छिणाऱ्याची अशा वेळी मोठी पंचाईत होते. काय सांगावयाचे ते आधीच ठरवून ठेवलेले बरे.

केस गळतात तेव्हा

दोन आठवडे उलटले की त्वचेचे काम बहुतेक संपलेले असते. सूज गेली, खपल्या पडल्या, कलमांतील आखूड केस किंचित वाढल्यासारखेही दिसतात. आणि मग दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यांच्या दरम्यान केव्हातरी ते गळू लागतात. थोडेथोडके नव्हे, बहुसंख्य गळतात. एखाद्या भाग्यवानाचे काही केस न गळता वाढतच राहतात, पण तो अपवाद.

याचे कारण केसाच्या जीवनक्रमात आहे. प्रत्येक पुटक आळीपाळीने काम करते व विसावते. त्याचा वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा असतो; त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ते आक्रसते आणि सुमारे तीन महिने स्वस्थ पडून राहते. विश्रांतीच्या शेवटी जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. डोक्यावरील सुमारे एक लक्ष केसांपैकी रोज पन्नास ते शंभर गळावेत, हे याच क्रमाने घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आता ज्या पुटकाला त्याच्या जागेवरून उखडले, तासन् तास थंड द्रवात ठेवले आणि परक्या भूमीत खोचले, त्याने काय करावे? ते काम थांबविते. केस घडविण्याइतके बळ नसल्यामुळे ते हातातला केस सोडून देते आणि विश्रांतीच्या अवस्थेत जाते. सर्व कलमांवर आघात एकाच दिवशी झालेला असतो. म्हणून एरवी पाळीपाळीने होणारी गळती येथे एकदम होते. मोठा ताप येऊन गेल्यावर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, ते याच जातीचे गळणे होय.

असाच धक्का भोवतालच्या मूळच्या केसांनाही बसू शकतो. नव्या छिद्रांच्या दाटीत त्यांचा रक्तपुरवठा काही काळ विस्कळीत होतो आणि तेही विश्रांती घेतात. विरळ झालेल्या केसांच्या अधूनमधून रोपण केले असेल, जसे स्त्रियांच्या बाबतीत बहुधा करावे लागते, तर ही गळती अधिक जाणवते. निरोगी पुटकांचे केस तीन ते सहा महिन्यांत परत येतात. परंतु जी पुटके आधीच आकसून अखेरच्या घटका मोजीत होती, ती पुन्हा उभारी धरतीलच असे नाही. ही शक्यता शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितली जावी, अशी अपेक्षा आहे; जाहिरातींतील ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ या दोन छायाचित्रांमध्ये या महिन्यांचे तिसरे छायाचित्र कधी नसते.

दुसरा आणि तिसरा महिना म्हणूनच सर्वांत कठीण. शरीराला काहीही त्रास नसतो आणि मनाला स्वस्थता नसते. त्वचेवर लाली राहते; गोऱ्या वर्णावर ती अधिक काळ दिसते. डोक्याचा काही भाग बधिर वाटतो, कारण छेद घेताना त्वचेतील बारीक मज्जातंतू तुटलेले असतात. ते पुन्हा वाढू लागले की मुंग्या येतात, मधूनच विजेसारखी चमक जाते, खाज सुटते. ही संवेदना परत येण्याची चिन्हे होत. तिला बहुधा काही महिने लागतात. रोज आरशात पाहून या काळात काहीच निष्पन्न होत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खोलीत, त्याच प्रकाशात, तेवढ्याच अंतरावरून छायाचित्र काढून ठेवावे. डोळ्यांना रोजचा फरक दिसत नाही, छायाचित्रांच्या ओळीत तो दिसतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पहिले नवे केस येतात. ते इतके बारीक आणि फिकट असतात की तिरप्या उजेडातच दिसावेत. काही केसांना वरची त्वचा भेदता येत नाही आणि तेथे मुरमासारखी पुटकुळी येते. ती पिळू नये. कोमट पाण्याच्या घडीने शेकावी. दोन-चार पुटकुळ्या ही उगवणीची खूण असते, मात्र डोकेभर पुळ्या येऊन त्यांत पू धरू लागला तर शल्यविशारदाला दाखवावे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा चौथ्या महिन्यात उगवलेला केस सहाव्या महिन्यात जेमतेम दोन सेंटिमीटरांचा असणार, एवढे गणित मांडले तरी पुष्कळशी अधीरता कमी होईल. शिवाय सर्व पुटके एकदम जागी होत नाहीत. सहाव्या महिन्यात साधारण निम्मे काम दिसते, नवव्या महिन्यात बरेचसे आणि बारा महिन्यांनी बहुतेक सगळे. टाळूवरच्या भोवऱ्याच्या भागात हा काळ आणखी लांबतो आणि दीड वर्षापर्यंत जातो. प्रारंभी आलेले केस राठ आणि कुरळेही असतात. वर्षभरात ते मऊ होऊन पूर्ववत वळण घेतात.

खरा धोका कोठे?

वर वर्णिलेले सर्व त्रास एका दिशेने जातात : प्रारंभी अधिक, मग दिवसेंदिवस कमी. धोक्याची गोष्ट उलट्या दिशेने जाते, आणि तीच तिची मुख्य खूण. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका वाढत गेला, त्वचा तापून लाल होऊ लागली, पू किंवा दुर्गंधी आली, थंडी वाजून ताप भरला, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून त्याच दिवशी वैद्याकडे जावे. कलमे लावलेल्या किंवा काढलेल्या भागात खपल्यांहून मोठा, काळपट-निळसर डाग दिसून तो पसरू लागला, तर तेथील त्वचेचा रक्तपुरवठा तुटून ती मरू लागल्याचा संशय घ्यावा. ही आपत्ती विरळ आहे. परंतु धूम्रपान करणारे, मधुमेही आणि एकाच बैठकीत फार दाट कलमे लावून घेणारे यांना तिचा धोका अधिक. शस्त्रक्रियेच्या दिवशीच धाप लागणे, अंगावर गांधी उठणे किंवा घेरी येणे ही बधिर करणाऱ्या किंवा इतर औषधांच्या दुष्परिणामांची लक्षणे असू शकतात आणि तेथे मिनिटांचा प्रश्न असतो.

यावरूनच शस्त्रक्रिया कोठे आणि कोणाकडून करून घ्यावी, याला महत्त्व येते. केशरोपण ही सौंदर्यवर्धनाची किरकोळ बाब आहे अशी समजूत पसरल्यामुळे शहरोशहरी ती केशभूषागृहांच्या शेजारच्या खोल्यांत, अप्रशिक्षित हातांनी होऊ लागली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली याविषयी सूचना प्रसृत केल्या. पात्र व नोंदणीकृत वैद्यानेच ही शस्त्रक्रिया करावी. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून मिळविलेले ज्ञान हे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत म्हटले आहे. रुग्णाने विचारावयाचे प्रश्न अगदी साधे आहेत : छेद कोण घेणार, श्वास कोंडला तर प्राणवायू आणि औषधे तयार आहेत काय, आणि चौथ्या रात्री ताप आला तर दूरध्वनी कोणी उचलेल? तिसऱ्या प्रश्नाला घोटाळत उत्तर आले तर दुसरीकडे जाणे श्रेयस्कर. परगावी किंवा परदेशी जाऊन केशरोपण करून घेण्याची प्रथा वाढल्यापासून हा प्रश्न अधिकच अडचणीचा झाला आहे. रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी परततो आणि जखमेचे दिवस ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्यापासून दूर काढतो.

वर्षानंतर

जेथून कलमे काढली तेथे पुटके पुन्हा उगवत नाहीत. पट्टी काढली असेल तर मागे एक आडवा, रेषेसारखा व्रण राहतो. एकेक कलम काढले असेल तर फिकट बारीक ठिपके राहतात आणि सावळ्या त्वचेवर, केस फार आखूड कापल्यास, ते उठून दिसतात. ज्यांच्या अंगावर साध्या जखमेचाही व्रण जाड व उंच होतो, त्यांनी हे आधी सांगितले पाहिजे. मागील भागाचे भांडवल मर्यादित असल्याने ते एकदाच उधळून चालत नाही, कारण टक्कल पडण्याची मूळ क्रिया शस्त्रक्रियेने थांबलेली नसते. रोवलेले केस टिकतात आणि त्यांच्यामागचे मूळचे केस मागे हटत राहतात. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाची पुढची रेषा घाईने भरली तर दहा वर्षांनी मधेच एक बेट उरण्याचा संभव असतो. म्हणूनच मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड यांसारखी औषधे, वैद्याच्या सल्ल्याने आणि त्यांचे दुष्परिणाम समजून घेऊन, अनेकांना पुढेही चालू ठेवावी लागतात. दुसऱ्या रोपणाचा विचार पहिल्याला वर्ष पूर्ण होण्याआधी करू नये, कारण पहिल्याचे फळ तोवर हाती आलेले नसते.

न्हाव्याकडे महिना-दीड महिन्यानंतर खुशाल जावे. कात्रीला हरकत नसते. पुढे आलेले केस इतरांसारखेच कापावे, धुवावे, विंचरावे लागतात. मानेवरून कपाळावर आलेले केस तेथेही मानेवरच्या केसांसारखेच वागतात आणि मागचे पिकू लागले की त्यांच्याबरोबर पिकतात.